पायरीखालची उपासना

२५ जानेवारी, रविवार

बंकट,

सलाम. फोन तू कापतोस. पत्र कापायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, म्हणून लिहिते आहे. चौथीपर्यंत जेवढं सरळ झालं तेवढंच माझं अक्षर सरळ आहे. वाचता आलं नाही तर कावेरीला दे, तिला पोरांची अक्षरं लावायची सवय आहे.

हे गंगासागरबाईच्या हातात देते. ती केजच्या बाजाराला तुझ्याच जीपमध्ये बसते. तू आपल्या फाट्यावर थांबतोस, माणसं उतरवतोस आणि तोवर पलीकडच्या बाभळीकडे तोंड करून बसतोस, असं तिनं सांगितलं. त्या बाभळीत बघण्यासारखं काय आहे ते मलाही एकदा सांग.

जेवतोस का, झोपतोस का, हे विचारत नाही. जेवल्याशिवाय राहणारा तू नाहीस.

कामाचं लिहिते. कावेरी नवऱ्यामागं, म्हणजे तुझ्यामागं, केजला गेली आणि इथं शब्बाथ शाळेला बाई उरली नाही. दर रविवारी उपासनेच्या आधी ती पोरं गोळा करायची, गोष्ट सांगायची, गाणं म्हणून घ्यायची. आता पोरं येतात आणि देवळाच्या गजाला लोंबकळतात. निम्म्यांचे आईबाप ऊस तोडायला कर्नाटकात गेलेत, पोरं म्हाताऱ्यांजवळ. पाळकसाहेबांच्या माथी चार गावं, ते येतात तेच धापा टाकत. मला म्हणाले, "कडूबाई, काही दिवस शाळा बंद ठेवायची का?" मी म्हणाले, "बंद केलेलं उघडायला तुमीच येणार का परत?" झालं. शाळा माझ्याच गळ्यात आली.

नाताळात काय झालं ते मी उगाळत नाही. पण तुझं एक आहे, शलमोनचं एक आहे, म्हणून माझ्या डोळ्यांनी बघितलेलं तेवढं लिहिते. शलमोननं, तुझ्या धाकट्या भावानं, नाताळाचं डिजिटल, म्हणजे तो फोटोंचा मोठा बोर्ड, छापून आणलं आणि फाट्यावर लावलं. वर येशू बाळ, त्याच्या शेजारी पाळकसाहेब, त्यांच्या शेजारी शलमोन, पोटापर्यंत. आणि तू खाली, युवक मंडळाच्या पोरांच्या रांगेत, बोराएवढा. तू थोरला, तू मंडळीचा पंच. शलमोन म्हणतो तुझा फोटो अंधुक होता म्हणून दुकानवाल्यानं बारीक केला. असेलही, नसेलही. "विनीत" म्हणून खाली जी नावं होती त्यातही त्याचं आधी आणि तुझं नंतर. विनीत म्हणजे नम्र ना? नम्र माणसांतही पहिला नंबर कुणाचा, यावरून माझ्या पोटची दोन पोरं येशूच्या वाढदिवशी भांडली.

ते भांडण घरात मिटलं असतं. पण तू उपासनेच्या वेळी माईक घेतलास आणि म्हणालास, आजपासून या देवळाची पायरी मी चढणार नाही. घरात बोलला असतास तर विसरता आलं असतं. माईकवरचं कोण विसरणार?

ते डिजिटल मी काढून आणलंय. सरपणावर घातलंय. ऊन लागून शलमोनचं तोंड आधी पांढरं पडलं, मोठं होतं ना.

एक काम कर. कावेरीकडे फ्लॅनेलच्या कापडावर चिकटवायची चित्रं होती, ती गंगासागरबाईकडे दे. मी तोंडानं सांगते पण पोरांना मेंढरू दिसल्याशिवाय मेंढरू कळत नाही. आणि शाळेत माझ्या नातीची, रोहिणीची, बसायची जागा कुणी घेतलेली नाही. हे तिला सांग असं म्हणत नाही. आपलं लिहिलं.

तुझी आई


८ फेब्रुवारी, रविवार

बंकट,

चित्रं पोचली. एका शब्दाची चिठ्ठी नाही त्यात, पण रबर लावून नीट बांधलेली होती. बांधणारीला माझा सलाम सांग.

आता ऐक, तुझ्या आईची मास्तरकी कशी चाललीय. मागच्या रविवारी मी मेजवानीची गोष्ट सांगितली. ती तुझ्यावर नाही, उगीच मान ताठ करू नको. चित्रांच्या गठ्ठ्यात वरतीच तिचं चित्र होतं म्हणून सांगितली.

मी म्हणाले, "पोरांनो, आपण लग्नाला गेलो. मांडवात पुढं सोफे मांडलेत. आपण जाऊन सोफ्यावर बसलो. तेवढ्यात मोठा पुढारी आला. आता काय होणार?"

"उठिवत्यात," सायली म्हणाली. गिरणीजवळच्या आप्पाची नात, आठ वर्षांची, जीभ अशी की मला माझीच आठवण येते. "आमच्या आप्पाला उठिवलं व्हतं. आप्पा म्हनला, मी नवरीचा मामा हाय. तरीबी उठिवलं."

"बरं. आणि मागं सतरंजीवर बसलो तर?"

"तर पंगत उशिरा मिळती."

"तसं नाही गं. घरधनी येतो. म्हणतो, अहो पाव्हणं, तुमी मागं कावून बसला? चला, पुढं चला. मग सगळ्यांदेखत मान मिळतो. येशूनं हेच सांगितलं. स्वतःला उंच करतो त्याला देव खाली करतो, आणि खाली बसतो त्याला वर घेतो."

पोरांनी माना डोलावल्या. मला वाटलं, चला, जमलं आपल्याला.

आज देवळात जाते तर काय, पुढची सतरंजी सगळी मोकळी. सगळी पोरं मागच्या भिंतीला चिकटलेली, एकमेकांच्या मांडीवर, आणि मारामारी चाललेली. "मला मागं बसायचंय!" "मी आधी आल्तो!" "तू सर की पुढं!" दाविदनं सायलीची वेणी धरलेली, सायलीनं त्याचा कान. मी ओरडले तशी सगळी गप्प झाली आणि तोंडं वर करून माझ्याकडे बघायला लागली. आशेनं. मला आधी उमगेचना. मग उमगलं. मी कुणाला पुढं बोलावते याची वाट बघत होती.

मी म्हणाले, "आज कुणालाच पुढं बोलावणार नाही."

दाविद रडायलाच लागला. "मंग मागं बसून काय उपेग?"

बंकट, त्याला काय उत्तर द्यायचं ते मला सुचलं नाही. मी गाणं लावून दिलं. तुला सुचलं तर कळव. तू मागं जाऊन बसलायस, तुला ठाऊक असेल.

आई


१ मार्च, रविवार

बंकट,

गंगासागरबाईनं तुझा निरोप आणला. तिला निरोप सांगायची हौस, त्यामुळे तुझा आवाज काढून सांगितला. "आईला म्हनावं पत्र नको धाडू, जीपमधली मान्सं इचारत्यात काय आलं म्हून." विचारू दे. त्यांना सांग, आईचं पत्र आलं. लाजेची गोष्ट आहे का ती?

त्याच्यापुढचा निरोपही सांगितला तिनं. "राग तर कवाच गेलाय. पन म्या समद्यांम्होरं बोललोय. आता पायरी चढलो तर गाव हसंल."

हे बरं केलंस, सांगितलंस. मी आपली समजत होते तू अजून रागात आहेस. राग असता तर मला उपाय माहीत आहेत, लहानपणी केलेले. हसण्याचा उपाय शोधावा लागेल.

आणि तिनंच सांगितलं की रोहिणी पुढच्या सीटवर बसली होती आणि मागं तोंड करून विचारत होती, "आज्जीनी ह्या रविवारी कोंची गोष्ट सांगितली?" तू हॉर्न वाजवलास म्हणे, कुणी आडवं आलेलं नसताना. तर ही गोष्ट रोहिणीसाठी आहे. वाचून दाखव. नाहीतर कावेरीला दाखवू दे, तू बाभळीकडे बघ.

बाबेल नावाचा एक देश होता, त्याचा राजा लई मोठा. त्याचं नाव असं आहे की पोरांना म्हणता येत नाही आणि मलाही येत नाही, म्हणून आम्ही त्याला बाबेलचा राजाच म्हणतो. तो एकदा माडीवर चढला आणि चारी बाजूंना बघून म्हणाला, हे सगळं मी बांधलं. माझ्या जोरावर. माझ्या नावासाठी. तोंडातला शब्द तोंडात आहे तोवर त्याची बुद्धी गेली. माणसांतून उठला आणि रानात जाऊन बैलासारखं गवत खायला लागला.

मी म्हणाले, "राजा असून कडबा खायला लागला."

दाविद म्हणाला, "कुट्टी करून का तसाच?"

आता शास्त्रात ते दिलेलं नाही. मी म्हणाले, "तसाच." तर पोरांना त्याची लई कीव आली. कडब्याचं धांडं तसंच चावायचं म्हणजे दात राहतील का. सायली म्हणाली, घरातल्या कुणी त्याला कुट्टी करून द्यायला पाहिजे होती. राजाच्या आईचं शास्त्रात काही लिहिलेलं नाही.

पुढं असं झालं, की एके दिवशी राजानं डोळे वर केले, आभाळाकडे. तेवढंच केलं त्यानं. बुद्धी परत आली. मग त्यानं देवाला मान दिला.

"मान दिला म्हंजी?" सायलीनं विचारलं. "सत्कार केला का?"

"केला असेल."

"फेटा बांधला?"

"कुणाला?"

"देवाला. शाल, नारळ, फेटा. पन देवाचा फेटा किती मोठा लागंल आज्जी? लई कापड लागंल."

पोरं हसली. मी नाही हसले. आपल्याकडे मान म्हणजे तेच ना, पोरीनं दुसरं काय बघितलंय? मी म्हणाले, "देवाच्या डोक्याचं माप कुणाजवळच नाही. त्याला मान द्यायचा म्हणजे त्याच्यापुढं आपला फेटा काढून ठेवायचा. एवढंच."

"आमच्याजवळ फेटाच न्हाई," दाविद म्हणाला.

"तर मग तुझं काम सोपं आहे," मी म्हणाले. त्या दिवशीच्या मागच्या सतरंजीचा राग त्याचा त्यावर गेला.

आई


१५ मार्च, रविवार

बंकट,

जीप स्टँडवर काय झालं ते मला तीन जणांनी सांगितलं, तिघांचं तीन तऱ्हेचं. मी शलमोनला समोर बसवून खरं काढून घेतलं.

तर म्हणे हा तुझ्याकडे आला आणि मोबाईलमध्ये ईस्टरचं डिजिटल दाखवलं. त्यात तू वर, पाळकसाहेबांपेक्षाही मोठा, गॉगल लावलेला. स्वतःला त्यानं कुठंच घातलं नव्हतं. तुला वाटलं थट्टा करतोय. तू म्हणालास, "भीक घालतो का बे मला?" तो म्हणाला, "आरं मोठा केलाय की तुला, आनि काय करू?" तू म्हणालास, "मला कशाला मोठा करतो, मी मोठाच हाय." आणि मग सवाऱ्यांनी दोघांना धरलं.

दोघंही गाढव. डिजिटलनं झालेलं दुखणं डिजिटलनं बरं करायला निघाला तो, आणि तू त्याला धरून घरी न्यायचं सोडून त्याची गचांडी धरलीस. शेजारीच कावेरी चहा ठेवून बसली असेल. ते डिजिटल मी छापू दिलेलं नाही. माझं ऐकलं त्यानं. तू कधी ऐकतोस माझं?

पण एक लिहून ठेवते. घरी आल्यावर शलमोन जेवला नाही. ताट झाकून ठेवलं, सकाळी कुत्र्याला घातलं.

आता शाळेचं. ईस्टर जवळ आला तसं पाय धुण्याची गोष्ट घेतली. येशूला दुसऱ्या दिवशी मरायचं होतं, त्याला माहीत होतं. जेवणाच्या वेळेला तो उठला, कमरेला पंचा बांधला, परातीत पाणी घेतलं आणि बारा जणांचे पाय धुवायला बसला.

तेवढ्यात दाविद म्हणाला, "आज्जी, येशू काय नवरीचा बाप व्हता का?"

मी विचारलं, "असं का म्हणतोस?"

"पाय तर नवरीचा बापच धुतो. जावयाचे. परातीत."

हे बघ, आपल्या पोरांनी परातीत पाय कुठं बघितलेत? शेजाऱ्यांच्या लग्नात. मी त्यांना किती समजावलं की तसं नाही, तो सगळ्यांचा धनी होता आणि त्यानं गड्याचं काम केलं. पण त्यांच्या डोक्यातनं लग्न जाईना. शेवटी सायलीनंच मिटवलं. म्हणाली, "आरं बापाला धुवावं लागत्यात, न्हाईतर जावई रुसंल. येशूला कुनी म्हनलं न्हाई धू म्हून. त्यानं आपल्या मनानं धुतले." मी पाळकसाहेबांना सांगणार आहे, उपदेश तिच्याकडून लिहून घेत जा.

तुला ठाऊकच आहे, ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी आपल्याकडे पाळकसाहेब बारा जणांचे पाय धुतात. बारा कोण, तर पंच आणि मोठी माणसं. घरून साबण लावून, टाचा घासून येतात आणि नवे मोजे घालून बसतात. पाळकसाहेबांच्या हाताला मळ म्हणून लागत नाही. यंदा पाळकसाहेब म्हणाले, "बंकटरावांची जागा रिकामी आहे, दुसरं कुणी घ्यावं का?" गिरणीजवळचा आप्पा लगेच म्हणाला, मी बसतो. मी म्हणाले, "आप्पा, तुमाला सोफ्यावरून एकदा उठिवलंय, आता सतरंजीवरूनबी उठिवायचं का?" बसला गप.

जागा रिकामीच आहे. रिकामी ठेवायला मी काही कुणाला विचारलेलं नाही.

आई


२९ मार्च, झावळ्यांचा रविवार

बंकट,

हे पत्र थोडक्यात. स्वयंपाक राहिलाय.

येत्या गुरुवारची पाय धुण्याची उपासना देवळात नाही. खाली अंगणात, कडुलिंबाजवळ आहे. देवळाचा पत्रा दिवसभर तापतो, संध्याकाळीही आत भट्टी असते, म्हाताऱ्या माणसांना सोसत नाही. म्हणून.

पाळकसाहेब म्हणाले, आजपर्यंत कधी बाहेर केली नाही. मी म्हणाले, येशूनं कुठं देवळात केली होती, माडीवर केली होती, जेवायच्या जागेवर. ते म्हणाले, पण माडीवर ना, खाली नाही. मी म्हणाले, "साहेब, माडी आपल्याकडे न्हाई, अंगण हाय." पंचांतले काही कुरकुरले, की एका माणसासाठी सगळी मंडळी खाली का यावी. मी तर कुणाचं नावही घेतलं नव्हतं. तेव्हा शलमोन उठला आणि म्हणाला, "सतरंज्या मी टाकतो. लाइट मी वढतो. तुमी फक्त येऊन बसा." तसं ठरलं.

आणि यंदा पाळकसाहेब धुणार नाहीत, शब्बाथ शाळेची पोरं धुणार आहेत. एवढे रविवार गोष्टी ऐकल्या, आता हातानं करू द्या म्हणाले मी. मोठ्या माणसांना सांगितलंय, घरून पाय धुऊन यायचं नाही. जसे असतील तसे आणा.

तू पायरी चढणार नाही म्हणालास. नको चढू. तुझ्या शब्दाला मी धक्का लावत नाही. अंगणाला पायरी नाही.

ये असं लिहीत नाही. कुठं आहे ते कळवलं.

आई


८ एप्रिल, बुधवार

बंकट,

गुरुवारी आशीर्वाद झाला न झाला तोच जीप काढून गेलास. म्हणालास, सवाऱ्या थांबल्यात. कुठल्या सवाऱ्या? जीपमध्ये कावेरी आणि रोहिणीच होत्या. असो. तू आलास तेव्हापासून मान खाली घातलीस ती वर केलीच नाहीस, त्यामुळे काय काय झालं ते तुला दिसलेलं नाही. सांगते.

तू जीप लावून कितीतरी वेळ आतच बसलास. मंडळी इकडं गीत म्हणत होती. एकानंही मागं वळून बघितलं नाही. भक्तीमुळे नाही, मी आधीच दम दिला होता, जो वळून बघेल त्याची माझ्याशी गाठ आहे. आप्पाची मान दोनदा फिरली, दोनदा मी खोकले. रोहिणी आधी उतरली आणि पोरांत गेली. पुढंही नाही, मागंही नाही, सायलीनं सरकून जागा केली तिथं बसली. जागेवरून त्या दिवशी भांडण झालं नाही. कशानं झालं नाही ते मला माहीत नाही, मी काही शिकवलं नव्हतं.

मग तू आलास आणि अकरा जणांच्या कडेला बसलास.

सायली परात घेऊन तुझ्यापुढं आली तसे तू पाय वर ओढून घेतलेस. "नको गं पोरी. दिसभर जीप चालिवलीया, लई घान हायत पाय."

ती म्हणाली, "मंग काय धुतलेले धुयाचे अस्त्यात का?"

"नको म्हनतो ना."

"पेत्रबी असंच म्हनला व्हता." तिनं कमरेवर हात ठेवले, ते मला बघून शिकलीय. "मंग येशू म्हनला, धू दिले न्हाईस तर तुला वाटा न्हाई."

वाटा म्हटल्यावर आपल्या गावात कोण गप्प बसेल? आधी गंगासागरबाई हसली. मग आप्पा. मग सगळी मंडळी, पाळकसाहेब पुस्तकाआड तोंड करून. आणि तू पण. खांदे हलत होते तुझे, मी बघितलं. गाव हसेल म्हणून नाताळापासून आला नाहीस ना? गाव हसलं. काय झालं? पाय खाली ठेवलेस एवढंच झालं.

आता जे तुला दिसलं नाही ते. पाय धुणारी सायली होती. पण पाणी ओतणारा हात तिचा नव्हता. भरलेली कळशी तिला पेलत नाही, आणि तिचे दोन्ही हात तुझ्या पायाला होते. बाकीच्या अकरांना पाणी दाविदच्या आजोबांनी ओतलं. तुझ्यापुढं आल्यावर शलमोननं त्यांच्या हातातनं कळशी काढून घेतली. एकेक ओंजळ पाणी ओतत होता, सांडू न देता, शेतातल्या रोपाला घालावं तसा. तू पाण्याकडे बघत होतास. जरा वर बघितलं असतंस तर दिसला असता. आणि तोही खालीच बघत होता, त्यामुळे त्यालाही तू दिसला नाहीस. असली माझी दोन पोरं. त्याला मी काही सांगितलं नव्हतं. बाकीचं सगळं मी ठरवलं होतं, हे नव्हतं.

पुसताना तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं असं लोक म्हणतात. मी सांगितलंय, पोरीनं परातीत साबण जास्त टाकला होता.

आणि गडबडीत तू शलमोनच्या चपला घालून गेलास. तुझ्या इथं राहिल्या. शलमोन त्याच घालून फिरतोय. त्याला मोठ्या होतात, चालताना फटक फटक वाजतात, गल्लीतली कुत्री मागं लागतात. मी म्हणाले, फोन लाव आणि मागून घे आपल्या. म्हणाला, "ऱ्हाऊ दे. येईल तवा दील."

दाविदनं परवा मला अडवून सांगितलं, मागं बसून काय उपेग ते त्याला कळलं. मी विचारलं काय. म्हणाला, मागं बसलं की सगळ्यांचे पाय दिसत्यात. मला काही उमगलं नाही. पण उत्तर म्हणून मी धरलंय, कारण तू तर कळवलंच नाहीस.

ईस्टरला कावेरी आणि रोहिणी आल्या. कावेरीला मी शाळा परत घे म्हणाले, ती म्हणाली, "दोघी मिळून घेऊ आत्या, तुमची गोष्ट ऐकायला मलाच यायचंय." तोंडदेखलं बोलली असेल, तरी बरं वाटलं. तू आला नाहीस. येशील असं मला वाटलंही नव्हतं, भाकरी मी आपली जास्त टाकली होती.

पुढच्या रविवारीही उपासना अंगणातच आहे, आणि त्याच्या पुढच्याही. आत लई उकडतं. मृग लागेपर्यंत उकडणारच. त्यानंतर पाऊस आला, तर मग सगळ्यांनाच उठून पायरी चढावी लागेल, पाळकसाहेबांपासून पोरांपर्यंत, एकदमच, सतरंज्या डोक्यावर घेऊन पळत. त्या गडबडीत कोण चढला आणि कोण नाही, हे बघायला कुणाला वेळ असतो?

आई